चार कुलपं आणि एक भगदाड

युरोप-अमेरिकेत ओसाड कारखाने बघत हिंडण्याचा एक छंद आहे. माणसं सुट्टीच्या दिवशी डोक्याला बॅटरी बांधून बंद पडलेल्या गिरण्यांमध्ये शिरतात, गंजलेल्या यंत्रांचे फोटो काढतात आणि घरी जाऊन उदास होतात. डेट्रॉईटमध्ये पॅकार्ड मोटारींचा कारखाना १९५० च्या दशकात बंद पडला. त्याच्या पडक्या भिंतींवर पुढं कित्येक वर्षं फोटोग्राफरांचं पोट चाललं. जर्मनीत फोल्क्लिंगेन इथं रोख्लिंग घराण्यानं वाढवलेला लोखंडाचा कारखाना १९८६ मध्ये थंडावला आणि १९९४ मध्ये युनेस्कोनं तो थेट जागतिक वारशाच्या यादीत नेऊन बसवला. आता तिथं तिकीट काढून गंज बघायला मिळतो.

हा छंद धाराशिव जिल्ह्यात करून बघायचा म्हटला तर अडचण एकच आहे. आमच्याकडे ओसाड जागाच मिळत नाही. बंद जागा पैशाला पासरी. पण ओसाड एकही नाही. आपली कुठलीही पडकी वास्तू एक तर वापरात असते नाहीतर कोर्टात, आणि बहुतेक वेळा दोन्हीकडे.

माझ्या एका मित्राच्या घराण्याची तेलगिरणी अशीच दोन्हीकडे आहे. घराण्याचं नाव सांगत नाही, कारण पुढची तारीख लागलेली आहे. गिरणी आहे तेर आणि ढोकीच्या मधल्या पट्ट्यात, जिथून पूर्वी बार्शी लाईट जायची. बार्शी लाईट म्हणजे अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती १८९७ मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत आणली, १९११ मध्ये ती लातूरला पोचली. हेच कॅलथ्रॉपसाहेब पुढं विमानातून उडी मारायच्या पॅराशूटचे संशोधक म्हणून नावाजले. बार्शी लाईटनं ज्यांनी प्रवास केलाय त्यांना या दोन उद्योगांमधला संबंध समजावून सांगावा लागत नाही. जिल्ह्याच्या गावाला मात्र या गाडीनं जवळजवळ शंभर वर्षं हुलकावणी दिली. रूळ रुंद करताना मार्ग वळवला, तेव्हा कुठं २००७-०८ मध्ये धाराशिवकरांना, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबादकरांना, गावात रेल्वे दिसली.

मित्राच्या आजोबांनी गिरणी टाकली ती निजामाच्या राज्यात. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत, हा मुलूख निजामाच्या. मध्ये करोडगिरीचा नाका. शेंगा इकडं पिकायच्या, बाजार तिकडं भरायचा. इकडं हाली रुपया, तिकडं कलदार. सात हाली मोजावेत तेव्हा साधारण सहा कलदार हाती पडावेत. या सात-सहाच्या फटीत बऱ्याच घराण्यांचे वाडे उभे राहिले, असं जुनी माणसं म्हणतात. मित्राच्या घरात मात्र गिरणी 'सचोटीवर' उभी राहिली असं सांगतात आणि आपणही ते ऐकून घ्यायचं असतं.

तेरच्या परिसराला माल बाहेर धाडायची सवय तशी जुनीच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तेरचं नाव तगर म्हणून येतं. इथलं कापड गाड्यांवर लादून भरुचच्या बंदरात जायचं. आता भरुचच्या जागी हिंजवडी आली आणि कापडाऐवजी पोरं जातात, एवढाच फरक. मित्रही तिथंच असतो. दिवाळीला येतो, गिरणीकडं बघून दोन दिवस हळवा होतो आणि टोलनाका ओलांडला की बरा होतो.

फाटकावर पोचलो तर चार कुलपं. आजोबांना चार मुलगे. चौघेही गेले, पण चार शाखांची चार कुलपं आहेत. एका शाखेनं दुसरीवर विश्वास ठेवू नये म्हणून ती लावलीत आणि चारही किल्ल्या एका वेळी एका गावात कधीच नसतात. मी निराश होऊन मित्राकडं बघितलं. तो शांतपणे भिंतीच्या कडेनं चालू लागला. वीस पावलांवर भिंतीला भगदाड होतं. चांगलं ऐसपैस, बैलगाडी जाईल एवढं. उंबऱ्याच्या जागी विटाही मांडलेल्या.

"कुलपं कशाला मग?"

"कुलपं कोर्टासाठी आहेत. पंचनाम्यात लागतात."

फाटकावरच्या पाटीवर रंगाचे थर होते. सगळ्यात खाली, पोपडे उडाले होते तिथं, 'अँड सन्स' दिसत होतं. त्यावर 'ब्रदर्स'. सगळ्यात वर, डाव्या कोपऱ्यात, 'न्यू'. मराठी व्यापारी घराण्याचा इतिहास लिहायला या तीन पाट्या पुरतात. 'अँड सन्स' लिहितो तेव्हा बाप खुशीत असतो. 'ब्रदर्स' लिहितात तेव्हा बाप भिंतीवर, हारात असतो. आणि 'न्यू' आलं की समजावं, भावजयांनी एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जाणं सोडलंय.

आत पहिलं दर्शन शेळ्यांचं झालं. उस्मानाबादी शेळी, काळीभोर, कान लोंबते, नजर थेट. जिल्ह्याचं नाव बदललं, पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे. तिचा ठराव कुणी मांडलेला नाही. जुळी देण्याबद्दल या शेळीची ख्याती आहे. गिरणीत गेली कित्येक वर्षं खात्रीनं वाढ होतेय ती दोनच गोष्टींत, शेळ्यांत आणि मिळकतीच्या उताऱ्यावरच्या नावांत. आजोबांच्या वेळी तिथं एक नाव होतं. आता सव्वीस आहेत. त्यांतली दोन नावं न्यू जर्सीत राहतात आणि एक नाव अजून शाळेत जातं.

शेळ्यांच्या पलीकडं गणेश मंडळाचा मागच्या वर्षीचा थर्माकोलचा किल्ला. त्याच्या बुरुजावर कुणाच्या तरी लग्नातल्या कढया पालथ्या घातलेल्या. शेंगांच्या गोदामात सोयाबीनची पोती; ती कुणाची, हे मित्रानं विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. आणि जिथं पूर्वी तेलाचे डबे झाळायचे त्या ओट्यावर एक नवरामुलगा-नवरीमुलगी पाठीला पाठ लावून उभी होती. समोर कॅमेरा, वर ड्रोन. लातूरहून प्री-वेडिंग करायला आली होती. फोटोग्राफर म्हणाला, "सर, असा टेक्श्चर पुण्यात पैसे देऊन मिळत नाही." त्यानं आधी शेळ्या हाकलायला सांगितल्या होत्या, ड्रोनमधून बघितल्यावर त्या परत बोलावल्या. भाडं कोण घेतं? तर ज्या शाखेचा भाचा-पुतण्या त्या वेळी गावात असेल तो. याला त्यांच्यात 'ताबा' म्हणतात.

गिरणीचे जुने मिस्त्री भगदाडातून आत आले. वय ऐंशीच्या घरात, खांद्यावर टॉवेल, हातात काठी. मित्राला बघून म्हणाले, "या धाकले मालक." मित्र पन्नाशीचा आहे, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधतो, पण मिस्त्रींच्या लेखी तो धाकलाच.

मिस्त्रींनी आम्हाला यंत्रं दाखवली. खरं सांगायचं तर यंत्रांनी आम्हाला दाखवलं. इतकी ती धिप्पाड होती. एका खोलीत काळं इंजिन, पुरुषभर उंचीच्या चाकाचं. ते चालू करायला चार गडी चाकाला लोंबकळायचे. इंजिनातून निघालेला एक लांबलचक दांडा छताखालून गिरणीभर गेलेला. हा लाईन शाफ्ट. त्यावर पुल्या, पुल्यांवर पट्टे, आणि एकेक पट्टा एकेका यंत्राला जाऊन भिडलेला: शेंगा फोडायचं यंत्र, चाळण, दोन एक्सपेलर, तेल गाळायचा फिल्टर प्रेस. एक दांडा फिरला की सगळं घर कामाला. एखादा पट्टा तुटला तर तेवढं एकच यंत्र थांबायचं. दांडा थांबला तर सगळेच एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे. आजोबा होते तोवर कुटुंब याच तत्त्वावर चालत होतं.

"मग इजंचं कनेक्शन आलं," मिस्त्री म्हणाले, "आन् परतेक भावानं आपापली मोटर बशिवली."

भिंतीवर चार मीटर होते. चारही कापलेले.

एक्सपेलरपाशी मिस्त्रींचा आवाज बदलला. यंत्र साधं आहे. लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा, आत पिळाचा दांडा. तो फिरत फिरत दाणा पुढं ढकलतो, पुढं जागा कमी होत जाते, दाणा चिरडतो, पट्ट्यांच्या फटींतून तेल ठिबकतं आणि टोकाला पेंडीच्या पापड्या पडतात. तरी पेंडीत सहा-सात टक्के तेल राहूनच जातं. ते काढायला पुढं सॉल्व्हंट प्लँट निघाले. हेक्झेनमध्ये धुऊन ते पेंडीतलं तेल एखाद्या टक्क्यावर आणतात. "आमी म्हशीसाठी तेवडं ठेवीत हुतो," मिस्त्री म्हणाले. मला हे अर्थशास्त्र आवडलं. अलीकडच्या म्हशींना ते आवडत नसणार.

मी पिंजऱ्यावरून बोट फिरवलं. गंज असेल म्हणून फिरवलं, तर बोट चिकटलं. पिवळसर तपकिरी, काचेसारखा थर होता. नखानं टोकरला तर कडा लवली, पण तुटली नाही. वास जुन्या लोणच्याच्या बरणीचा. हे करडईचं तेल. शेंगदाण्याचं तेल खवट होतं, वाळत नाही. करडईचं मात्र हवेनं घट्ट होत रोगणासारखं बसतं, म्हणून रंगाच्या धंद्यातही ते चालतं. गिरणी बंद झाल्यापासून यंत्रांना कुणी तेलाचा थेंब दिला नव्हता. जाता जाता शेवटच्या घाण्यानं आपला हात फिरवून ठेवला होता, त्यावर यंत्रं टिकली. फिल्टर प्रेसला टेकून उभी राहिलेली लातूरची नवरीमुलगी हे तत्त्व शरारा सोडवताना शिकली. ड्रोनवाल्यानं तेही टिपलं.

गिरणी बंद का पडली, हा प्रश्न मी विचारायला नको होता असं नाही, पण उत्तरं ऐकायला वेळ काढून जायला हवं. थोरल्या शाखेच्या मते दुसऱ्या शाखेनं नको असताना दुसरा एक्सपेलर घेतला म्हणून. दुसरीच्या मते तिसरीनं तोट्यात सरकी घेतली म्हणून. तिसरी वास्तुशास्त्राकडं बोट दाखवते. बॉयलर ईशान्येला होता. चौथीचं म्हणणं, 'आम्ही बोललो तर वाईट दिसेल', आणि त्यानंतर ती तासभर बोलते.

बाहेरच्या माणसाला गोष्ट निराळी दिसते. करडईचं पीक काटेरी. हातापायांना फडकी गुंडाळून ते काढायला माणसं मिळेनाशी झाली. भुईमूग मागं पडला, सोयाबीन आलं, आणि सोयाबीनचं तेल अशा गिरण्यांच्या आवाक्यातलं नाही. दाण्यात तेल थोडं, ते काढायला सॉल्व्हंटच हवं. १९८६ मध्ये सरकारनं तेलबियांचं मोठं अभियान काढलं, काही वर्षं बरी गेली. मग १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली आणि पुढच्या काही वर्षांत जकात उतरत गेली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. म्हणजे या घराण्याचा खरा वैरी मलेशिया-इंडोनेशियात होता. पण मलेशियावर धाराशिवच्या कोर्टात दावा कसा लावणार? म्हणून तो धाकट्या काकांवर लावला.

आपल्याकडे सहकारी कारखाना बंद पडला तर निवडणूक होते. घरचा कारखाना बंद पडला तर वाटणी. निवडणुकीला निदान निकालाची तारीख असते.

गिरणीच्या मागच्या भिंतीला मोठी भेग होती. "ही त्र्याण्णवची," मिस्त्री म्हणाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारी-सास्तूरचा भूकंप या भागात कुणालाच विसरता येत नाही. ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर भिंतीच्या भेगेबद्दल बोलू नये, म्हणून मिस्त्री तिथून चटकन पुढं सरकले. पण कोपऱ्यातल्या दुसऱ्या भेगेपाशी मित्र म्हणाला, "हीसुद्धा भूकंपाचीच ना?" त्यावर त्यांनी काठी आपटली. "ही तुमच्या काकाची. ट्रॅक्टर घातला हुता."

आता गादीची खोली. तेलगिरणीत तेल कुठंही निघत असलं तरी पैसा निघतो तो या खोलीत. जाजम कुजलेलं, लोडातला कापूस उंदरांनी नेलेला, भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर. कोनाड्यात एक कंदील, काचेवर नाव: प्रभाकर. कराडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काचकारखाना काढला, त्यांचा हा कंदील महाराष्ट्रभर लोंबकळला. तोही कारखाना आता बंद आहे. गावाला मात्र ओगलेवाडी हे नाव चिकटून राहिलं. एका बंद घराण्याच्या गादीवर दुसऱ्या बंद घराण्याचा दिवा. जवळच तेरला रामलिंगप्पा लामतुरे या व्यापारी गृहस्थानं जमवलेल्या पुरातन वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मण्यांना तिथं काच, कुलूप आणि चिठ्ठी मिळते. गिरणीचं दुर्दैव असं की वापरायला ती म्हातारी आणि संग्रहालयात ठेवायला फारच तरुण.

कपाटात चोपड्या होत्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट, कीर्द आणि खतावण्या. मी एक उघडली, सगळं मोडी. ओळीला ओळ लागलेली, लेखणी जशी कुठं उचललीच नाही.

"कुणाला येतं का वाचता?"

"कुनालाच न्हाई," मिस्त्री म्हणाले. "म्हनून तर गावात शांतता हाय."

गावातल्या निम्म्या घरांच्या आजोबा-पणजोबांची उचल त्या चोपड्यांत होती. पेरणीला घेतलेली, लग्नाला घेतलेली, फेडलेली, अर्धी फेडलेली आणि 'फेडली होती की' म्हणून सांगितलेली. इतकी वर्षं हे सगळं मोडीच्या वळणांत सुखानं झोपलं होतं. पण २०२३ पासून वारं फिरलं. न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, मराठवाड्यात आरक्षणासाठी निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्या माणसाला तहसिलीत खुर्ची मिळू लागली. गावातही कुणीतरी पुडी सोडली की गिरणीच्या जुन्या चोपड्यांत नावापुढं जात लिहिलेली आहे. तेव्हापासून गिरणीकडं बघायची गावाची नजर बदललेली.

हे मला कळलं ते अण्णांमुळं. अण्णा म्हणजे गावातलं वजनदार प्रस्थ; आमच्या मागोमाग 'सहज' आले होते. कपाट उघडल्यापासून त्यांचा एक डोळा चोपड्यांवर आणि दुसरा दारावर होता. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तुमच्या वळखीत कुनी मोडीवाला असंल तर बगा. आमच्या आजोबांचं नाव असंल त्यात."

"बघू की. काय काय काढायचं?"

"नाव निगू द्या," अण्णा आवाज उतरवून म्हणाले. "रक्कम नगं."

एवढ्यात भंगारवाला आला. त्यालाच भेटायला मित्र खरा पुण्याहून आला होता. हा माणूस यंत्राकडं बघत नाही, ऐकतो. हातात लोखंडी सळई. टाकीवर टण्ण वाजवून म्हणाला, "पत्रा." एक्सपेलरच्या बैठकीवर ठक्क केलं, "बीड." एका पुलीवर वाजवलं आणि डोळे मिटले, "आत पितळी बूश आहे." आम्ही ज्या मातीत उभे होतो तिथल्याच गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी ठोकून पक्कं मडकं कुठलं आणि कच्चं कुठलं ते सांगितलं होतं. गोरोबाकाकांनी नामदेवांची भीड ठेवली नाही; भंगारवाल्यानं काळ्या इंजिनाची ठेवली नाही. तीन ठोके टाकून त्यानं आकडा सांगितला. मित्राचा चेहरा उजळला. मिस्त्री टॉवेलनं तोंड पुसत शेळ्यांकडं निघून गेले.

"फक्त सह्या द्या सगळ्यांच्या," भंगारवाला म्हणाला. "मागं एकदा फसलोय. बॉयलर गाडीत चढवला आणि बंगळुरूहून फोन आला, मी पण मालक आहे."

सव्वीस सह्या. मित्रानं तिथंच, शेंगांच्या ढिगाच्या जागी उभं राहून व्हॉट्सॲपवर फोन लावायला सुरुवात केली. रेंज फक्त तिथं, एक्सपेलरच्या मागं होती. न्यू जर्सीचे लगेच हो म्हणाले. त्यांना झोपायचं होतं. थोरली शाखा हो म्हणाली, पण दुसरी आधी हो म्हणणार असेल तर नाही. दुसरीनं विचारलं, तिसरी काय म्हणते? असं करत करत चारही शाखा चार वाजेपर्यंत तयार झाल्या. घराण्यात असं एकमत आजोबांच्या दहाव्यानंतर प्रथमच झालं असावं.

राहिल्या आत्या.

आत्या म्हणजे आजोबांची एकुलती एक लेक. वय शहाऐंशी, दिल्या घरी बार्शीला. २००५ मध्ये वारसा कायदा बदलला आणि वडिलांच्या एकत्र मिळकतीत लेकींचा मुलांइतकाच वाटा झाला, तेव्हापासून आत्यांची भाऊबीज अचानक जोरात होऊ लागली. पूर्वी जिथं ब्लाऊजपीस यायचा तिथं पैठणी आली. पैठणीच्या घडीत दरवर्षी एक छापील कागद असायचा: हक्कसोडपत्र. आत्या पैठणी ठेवून घ्यायच्या, कागदावर तळलेल्या करंज्या निथळायला ठेवायच्या.

मित्रानं फोन लावला. "आत्या, एक सही हवी होती."

"कुठं आहेस?"

"गिरणीत."

"गिरणीत?" फोनमधून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग, "थांब तिथंच. मी येते."

बार्शी काही लांब नाही. दिवस कलायच्या आत भगदाडापाशी गाडी थांबली आणि नातवाच्या हाताला धरून आत्या उतरल्या. नऊवारी, पायांत कापडी बूट. भगदाडाकडं बघून म्हणाल्या, "फाटकातून का नाही?"

"कुलपं आहेत, आत्या."

"चार?" त्यांनी विचारलं. कुणी सांगितलं नसताना.

वडिलांच्या गिरणीत त्यांनी त्याआधी पाऊल टाकलं नव्हतं. लहानपणी दुपारचा डबा घेऊन यायच्या, तो फाटकावर हमाल घ्यायचा. मुलींनी आत यायचं नाही, पट्ट्यात पदर-परकर अडकतो. परकर अडकतो हे खरंच होतं. गादीच्या खोलीत मात्र एकही पट्टा नव्हता, तिथं का नाही, हे त्या काळी त्यांनी विचारलं होतं आणि उत्तरादाखल त्यांचं लग्न ठरलं होतं.

त्यांनी सगळं बघितलं. इंजिन, दांडा, चार मीटर. शेळ्यांना बाजूला सारत गादीच्या खोलीत गेल्या, नातवाकडून जाजम झटकून घेतलं आणि वडिलांच्या जागेवर लोडाच्या सांगाड्याला टेकून बसल्या. मित्रानं कागद पुढं केला. त्यांनी तो न बघता मांडीखाली ठेवला.

"चोपड्या आण त्या."

"आत्या, त्या मोडीत आहेत."

"मला ठाऊक आहे कशात आहेत ते. भावांना मोडी शिकवायला दिवाणजी घरी यायचे. भाऊ झोपायचे. मी दाराआड ज्वारी निवडत असायची." चष्मा नाकावर सरकवून त्यांनी पहिली चोपडी उघडली आणि बोट ओळीवर ठेवून भराभर वाचू लागल्या, जसं काही काल संध्याकाळी तिथंच खूण घालून ठेवली होती.

बातमी भगदाडातून गावात गेली. अर्ध्या तासात अंगणात तीस-चाळीस माणसं जमली. त्यांतली अर्धी नाव निघावं म्हणून आलेली, अर्धी निघू नये म्हणून. ड्रोनवाल्यानं नवरानवरीला गाडीत बसवून हे चित्रण सुरू केलं.

अण्णा सगळ्यात पुढं. टोपी हातात. "आत्याबाई, आमच्या आजोबांचं जरा... नुसतं नाव..."

आत्यांनी गाव विचारलं, आजोबांच्या वडिलांचं नाव विचारलं, दोन पानं उलटली, तिसऱ्यावर बोट थांबलं.

"आहे."

अण्णांनी घाम पुसला. "जात?"

"जात-बीत नाही लिहिलेली. बाबा जात लिहीत नसत. बाकी लिहीत." आत्यांनी चष्म्यावरून बघितलं. "एकशे चाळीस. हाली."

अंगणात हशा पिकला. अण्णांना एकदम हुरूप आला. "हाली? ते निजामाचं नाणं! आवो आत्याबाई, ते आता कुटं चालतंय?"

"नाणं नाही चालत," आत्या म्हणाल्या आणि पान उलटलं. "व्याज चालतं. भंगारवाल्याला म्हणावं चहा घेऊन जा, आज सही नाही. हं, पुढचा कोण?"